ढोक्यांच्या घरचे एकसष्ट फोन

नंदनवन वस्तीत आम्ही भाड्यानं राहायला गेलो, त्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी समोरच्या घरातल्या बाईंनी दार वाजवलं. पन्नाशी ओलांडलेल्या, किडकिडीत, हाताला काळं लागलेलं.

"पाच मिनिटं येता का जी? काही कराचं नाही. फक्त हॅलो म्हणाचं आहे."

मी ओल्या हातानंच गेले. समोरच्या खोलीत पाय ठेवला आणि तशीच उभी राहिले. तिन्ही भिंतींना लोखंडी रॅक, आणि रॅकवर फोन. काळे, हिरवे, एखादा लाल. डायलचे, हँडल फिरवायचे, भिंतीवर टांगायचे लाकडी पेटीतले. बसायला एक स्टूल तेवढं होतं. तिनं मला आतल्या खोलीत नेऊन एका काळ्या फोनसमोर बसवलं आणि स्वतः बाहेर गेली. थोड्या वेळानं माझ्यासमोरचा फोन इतक्या जोरात वाजला की मी दचकले. उचलला. तिकडून अगदी शुद्ध, गोड आवाज आला, "हॅलो, माझा आवाज येतोय का आपल्याला?"

दारात उभी राहून बोलणारी बाई आणि ही बाई एकच आहे, हे मला पटेना.

"हो, येतोय," मी म्हणाले.

मग तो आवाज एकदम खाली आला. "येऊन राहिला ना? झालं मंग. तीन महिने झाले जी, याच्यासाठी फोनसमोर रेडिओ ठेवून पाहत होती. रेडिओ बोलते, पण आपलं ऐकत नाही ना तो."

तिचं नाव सुकेशनी ढोके. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं ती टेलिफोन ऑपरेटर होती. बोर्डासमोर बसून, बाहेरून आलेला फोन वॉर्डात जोडून द्यायचा, वॉर्डातला डॉक्टरांच्या घरी. त्या दवाखान्यात हजारो माणसं तिचा आवाज ओळखत. जिन्यात समोरून आली तर एकालाही ती कोण ते कळत नसे. पुढं आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं. तिला केस पेपर काढायच्या खिडकीवर बसवलं. तिथं तिचं मन लागलं नाही, आणि त्यातच वडिलांचं आजारपण आलं. तिनं नोकरी सोडली. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

वडील आनंदराव ढोके टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. छप्पनच्या दीक्षेच्या वेळी ते अठरा वर्षांचे होते, हे ते कुणी न विचारताही सांगत. बाकी कमी बोलत. हे घर त्यांनी एक्क्याऐंशी साली बांधलं आणि पुढची खोली बैठक म्हणून काढली. जुन्या एक्स्चेंज बंद होऊ लागल्या तसे बाद झालेले फोन लिलावात भंगार म्हणून निघत. त्यातला एकेक फोन आनंदराव घरी आणत गेले. आई, सिंधूताई, सुरुवातीला कुरकुरत. मग पाहुण्यांना त्या स्वयंपाकघरात बसवायला लागल्या. त्या दोन हजार तीन साली गेल्या. धाकटा भाऊ नागसेन हैदराबादला नोकरीला लागला, तिथंच त्यानं घर केलं. राहिले बापलेक, आणि एकसष्ट फोन.

"बाबा रोज संध्याकाळी फडकं घेऊन सगळे पुसत," ती म्हणाली. "पण एकही उघडला नाही त्यायनं. एकही चालू नव्हता. मी म्हणो, बाबा, तुम्ही मेकॅनिक ना? तं म्हणत, ते नोकरीत झालं."

दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत आनंदराव गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. नागसेननं जायच्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हटलं, "ताई, हे सामान भंगारवाल्याले देऊन टाक. खोली मोकळी होईन. कुठवर धूळ पुसत बसशीन?"

"देऊ सावकाश," ती म्हणाली.

तो गेला. दुसऱ्या दिवशी तिनं सवयीनं फडकं घेतलं. पुसता पुसता एक रिसीव्हर हातात आला आणि हात आपोआप कानाकडं गेला. सत्तावीस वर्षांची सवय. फोन कानाला लावला की आधी ती बारीक घूं ऐकू यायची, मग माणूस. इथं काहीच नव्हतं. तिनं दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळ्या खोलीत एकही फोन जिवंत नव्हता.

"मले ते सहन नाही झालं," एवढंच ती त्याबद्दल म्हणाली.

वडिलांच्या हत्यारांची पेटी पलंगाखाली होती. तिनं ती ओढून काढली. बोर्ड बिघडला की दवाखान्यात मेकॅनिक येत, त्यांना काम करताना तिनं पाहिलं होतं; तेवढंच तिचं शिक्षण. फोनच्या काळ्या, टणक बेकेलाइटला टूथपेस्ट लावून घासलं की चमक परत येते, हे तिनं स्वतः शोधून काढलं. डायलमध्ये साचलेला मळ ती शिवणयंत्राच्या तेलानं आणि कापसानं काढी. दाताच्या ब्रशनं घंटीच्या वाट्या घाशी. बोलायच्या बाजूच्या डबीत कोळशाचे बारीक दाणे असतात. आवाजानं ते हलतात, म्हणून पलीकडं आवाज जातो. दमट हवेनं ते एकमेकांना चिकटून बसतात. ते मोकळे करायला डबी तळहातावर हळूहळू आपटायची. मी खिडकीतून कित्येकदा पाहिलं, ती पायरीवर बसून टप् टप् करत असे. भाकरी थापल्यासारखी.

अडचण एकच होती. फोन दुरुस्त झाला की नाही हे एकट्या माणसाला कळत नाही. पलीकडं कुणीतरी लागतं.

म्हणून मी. दुपारी माझा नवरा बुटीबोरीला कामावर आणि शिकवणीची पोरं यायला दोन तास असत, तेव्हा ती हाक मारी, "मेघा, येते का वं?" तोवर मी तिची 'वं' झाले होते. मी आतल्या खोलीत बसे, ती बाहेर. फोन लागला की आधी ती ते दवाखान्यातलं मराठी बोलायची, आणि आवाज नीट येतोय म्हटल्यावर स्वतःचं. मग आम्ही बोलत बसत असू. गंमत अशी की चहा प्यायला समोरासमोर बसलो की ती गप्प. तिला काही सांगायचं असलं की ती म्हणे, "थांब, तो हिरवावाला एकदा पाहून घेऊ," आणि उठून बाहेर जाई.

हँडलचे फोन तारेनं एकमेकांना जोडले की वाजत; डायलचे मात्र तिला जमेनात. त्यांना पलीकडं एक्स्चेंज लागते. तिनं वडिलांच्या जुन्या डायरीतून ओमप्रकाशजींचा पत्ता काढला. आनंदरावांच्या हाताखाली दहा-बारा वर्षं काम केलेला माणूस. ते वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामामागं दोन खोल्यांत मुलाकडं राहत. ती दोन बस बदलून तिथं गेली, तेव्हा ते ट्रकांच्या धुरळ्यात खुर्ची टाकून बसले होते. मोठ्यानं ओरडून सांगावं लागलं. जन्मभर टेलिफोनचं काम केलेल्या माणसाला आता ऐकू येत नव्हतं.

पण ते आले. रविवारी मुलगा त्यांना मोटारसायकलवर सोडून जाई. कुठल्या तरी बंद पडलेल्या ऑफिसातला सहा लाइनींचा इंटरकॉमचा डबा त्यांनी आणून दिला आणि त्यावर डायलचे फोन बोलू लागले. घंटी वाजते की नाही हे ते वाटीवर बोट ठेवून पाहत. "बज रही है बेटी, बज रही है," म्हणत. ते शिकवत, ती शिकत गेली. वर्षभरात एकोणचाळीस फोन चालू झाले.

एका रविवारी तिनं हँडलचा एक जड काळा फोन टेबलावर ठेवला. तळाशी काहीतरी टोकदार वस्तूनं आकडा कोरला होता. कडेची एक कपची उडालेली. ओमप्रकाशजींनी तो उलटा केला, आकडा पाहिला आणि हात मागं घेतला.

"हा काटोलचा ना?"

"मले नाही माहीत," ती म्हणाली.

"साहेबांनी तुले सांगितलं नाही?" त्यांनी दोनदा विचारलं. मग सांगितलं. मी त्या दिवशी तिथं होते. बहिऱ्या माणसाचा आवाज नको तेवढा मोठा असतो. गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगत होते.

चौसष्ट-पासष्ट साली आनंदराव काटोलला लाइनमन होते. तिथं एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडं फोन होता. बिघाड झाला की आनंदराव जायचे, दुरुस्त करायचे, रिसीव्हर उचलून एक्स्चेंजला "हॅलो, टेस्टिंग" म्हणायचे आणि खाली ठेवायचे. ते दारातून निघायच्या आत घरातली बाई ओलं फडकं घेऊन येई आणि फोन पुसून काढी. त्यांच्यासमोर. पाणी डबीत जाई, कोळशाचे दाणे चिकटत, पंधरा दिवसांत पुन्हा तक्रार. पुन्हा आनंदराव जात. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा फडकं. असं पावणेदोन वर्षं.

"मले एकदाच बोलले," ओमप्रकाशजी म्हणाले. "खांबावर चढले होते, मी खाली तार धरून. वरूनच बोलले. खाली आल्यावर नाही. मंग शहाऐंशी साली लिलाव झाला तेव्हा गोदामात फोनचा पहाड लागला होता. साहेब तीन दिवस एकेक फोन उलटा करून पाहत होते. हा भेटला तेव्हा म्हणाले, ओमप्रकाश, चाल, चहा पाजतो."

सुकेशनीताईनं उलटा ठेवलेला फोन सरळ केला. ओमप्रकाशजी गेल्यावर तिनं तो फोन उघडला. डबीतले दाणे दगडासारखे एक झाले होते. आपटून सुटेनात. तिनं दुसऱ्या मोडक्या फोनमधले दाणे काढून त्यात भरले, आणि तीन दिवसांनी मला हाक मारली. आवाज स्वच्छ होता. पण त्या दिवशी ती हॅलोच्या पुढं काहीच बोलली नाही.

डिसेंबरात एका सकाळी ती बाजाराच्या मोठ्या पिशवीत काहीतरी जड घेऊन निघाली. मी विचारलं तर म्हणाली, "काटोलले जाऊन येते."

पुढचं तिनं मला फोनवर सांगितलं. ती बाहेरच्या खोलीत, मी आतल्या.

बसस्टँडवरून ती संत्रा मंडीत गेली. हंगाम होता, ढिगांवर बोली चालू होती. एका म्हाताऱ्या हमालाला जुन्या फोनवाल्या व्यापाऱ्याचं विचारलं तेव्हा त्यानं घर दाखवलं. जुनं घर पाडून दुमजली बांधलेलं, खाली टाइल्सचं दुकान. रितिका नावाची तरुण सून वरच्या मजल्यावर घेऊन गेली. पिशवीतला फोन पाहून म्हणाली, "आम्हाला असलं अँटिक नाही घ्यायचं हो."

"विकाले नाही आणला. दाखवाले आणला."

आतल्या खोलीत पलंगावर एक म्हातारी होती. तुळसाबाई, या सुनेची आजेसासू. डोळ्यांना कमी दिसे, पण कान शाबूत. सुकेशनीताईनं फोन तिच्या मांडीवर ठेवला. म्हातारी बोटांनी चाचपत राहिली. बोट कपची उडालेल्या जागी थांबलं.

"हे माह्या हातानं उडालं होतं. कोण वं तू?"

"ढोके. माहे बाबा इथी लाइनमन होते."

तुळसाबाईचं बोट त्या जागेवरून फिरत राहिलं. मग म्हणाली, "सासू उभी राहे दारात. पूस म्हणे. मी पुसो."

"पाणी आत जाऊन तो बिघडत होता."

"मले काय समजे त्यातलं. वीस वर्सं होता हा घरात. पुसाले मीच. पण बोलू नाही दिलं कोणी. माही माय मेली तो निरोप याच्यावर आला, तोही सासऱ्यानं घेतला." फोनवरचा हात तिनं काढला नव्हता. "तो खाली मान घालून उभा राहे. तुहा बाप. मीही खालीच पाहो. लय राग येत असन त्याले?"

"मले नाही माहीत," सुकेशनीताई म्हणाली. "त्यायनं कधी सांगितलंच नाही."

म्हातारीनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. "काहीच ऐकू नाही येत."

"दुसरा फोन लागते त्याले."

तेव्हा तुळसाबाईनं रिसीव्हर तिच्या हातात दिला.

इथं सुकेशनीताई फोनवर थांबली. मला वाटलं लाइन गेली. मग तिचा आवाज आला, "मी तिच्या हाताकडंच पाहून राहिली होती वं. पदर उचलते का, काही करते का. तिनं तसाच देला. शहाऐंशी वर्षांची बाई ते. आन् मी तिच्या हातावर नजर ठेवून. मंग त्या सुनेनं चहा आणला. कागदाच्या कपात. आजकाल सगळेच देतात कागदाच्या कपात. मले माहीत आहे. तरी मी पाहिलं, तिनं स्वतः कशात घेतला ते."

"कशात घेतला?"

"तिनं घेतलाच नाही."

माझ्या आजीच्या घरी ओसरीच्या वळचणीला एक कानतुटका कप वेगळा ठेवलेला असे. लहानपणी मी त्यातून पाणी प्यायले म्हणून मार खाल्ला होता. हे मी तिला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. "ऐकून राहिली मी, ताई," एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात तिनं नागसेनला मोबाइल लावला आणि सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबानं मले काहून नाही सांगितलं?"

"मलेही नाही सांगितलं."

"तू तं त्यायच्याजवळ होती."

चाळीस वर्षं एकाच घरात, शेवटची वीस वर्षं दोघंच. तिनं पोळी वाढायची, त्यांनी जेवायचं. रोज संध्याकाळी त्यांनी फडकं घेऊन एकसष्ट फोन पुसायचे आणि तिनं ते पाहायचं. कोरडं फडकं असायचं, ती मला म्हणाली. पाण्याचा थेंब लागू देत नसत.

त्यानंतर नागसेननं भंगारवाल्याचं नाव काढलं नाही. फोनही फारसे केले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात ओमप्रकाशजींच्या मुलानं रायपूरला बुकिंग ऑफिस उघडलं आणि ते तिकडं गेले. ती अधूनमधून फोन लावी, पण त्यांना ऐकू येत नसे. सून मध्ये उभी राहून इकडचं तिकडं ओरडून सांगे. दोन-चार वेळा झालं, मग तिनं तेही सोडलं. शेवटचे काही फोन तिनं एकटीनंच दुरुस्त केले. एकसष्टांपैकी सत्तावन्न बोलू लागले. चारांना भागच नव्हते.

मागच्या वर्षी एका इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राध्यापक आले. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. भले माणूस होते, तासभर प्रत्येक फोन हातात घेऊन पाहिला. कॉलेजात एक खोली देतो म्हणाले, काचेची कपाटं करतो, पोरांना दाखवतो; वडिलांचं नाव दारावर लावू. तिनं आठ दिवस विचार केला आणि हो म्हटलं. तिचंही वय होत होतं. एकसष्ट फोन तिच्यानंतर कुठं जाणार होते?

प्रत्येक फोनसाठी तिनं कार्ड लिहिलं. कुठला, कधीचा, काय बिघडलं होतं, काय दुरुस्त केलं. अक्षर सुबक. काटोलच्या फोनचं कार्ड लिहायला दोन दिवस घेतले. मला वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की हा फोन काटोलच्या एका व्यापाऱ्याच्या घरी होता. लाइनमन आनंदराव ढोके यांचा हात लागला म्हणून तो दर वेळी ओल्या फडक्यानं पुसला जाई. त्या पाण्यानं तो वारंवार बिघडे आणि दर वेळी आनंदराव ढोके यांनीच तो दुरुस्त केला. बस. एकही शब्द जास्त नव्हता.

टेम्पो आला त्या दिवशी प्राध्यापक कार्डं चाळत होते. या कार्डावर थांबले. दोनदा वाचलं.

"ताई, हे... खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिथं सगळ्या प्रकारची मुलं येतात. आपण एवढं तांत्रिक ठेवूया का? 'डबीतल्या ओलाव्यामुळे बिघाड', असं?"

"पाणी कुठून आलं ते नाही लिहाचं?"

"वाद नको म्हणून म्हणतो. बाकी काही नाही."

ती टेम्पोत चढली. साडी खोचून, खोक्यांमधून वाट काढत. तो फोन शोधला, दोन्ही हातांनी पोटाशी धरून खाली उतरली.

"मंग हा नाही जात," म्हणाली. "बाकीचे न्या."

प्राध्यापक बरंच समजावत राहिले. कार्ड मागं ठेवू, नंतर पाहू, असंही म्हणाले. ती रागावली नाही, आवाजही चढला नाही. अगदी ऑपरेटरच्या शांत आवाजात म्हणाली, "माफ करा, होणार नाही." टेम्पो साठ फोन घेऊन गेला.

त्यानंतर दोन महिन्यांनी आम्हीही नंदनवन सोडलं. नवऱ्याला बुटीबोरीचं अंतर पडत होतं, मनीषनगरात घर घेतलं. सामान बांधायच्या गडबडीत तिच्याकडं निवांत जाणं झालंच नाही.

दिवाळीनंतर एकदा मुद्दाम गेले. पुढच्या खोलीतले रॅक काढून टाकले होते, भिंतींवर त्यांच्या मापाचे फिकट पट्टे उमटलेले. तिनं पलंग तिथं आणला होता, खिडकीशी. जन्मात पहिल्यांदा पुढच्या खोलीत झोपून राहिली म्हणाली. "हवा चांगली येते इथी. मले माहीतच नव्हतं."

काटोलचा फोन कोनाड्यात होता, शेजारी कार्ड टेकवलेलं. मी त्याकडं पाहिलं, पण तिनं त्याचा विषय काढला नाही. आम्ही समोरासमोर बसून चहा प्यालो. मी घराचं सांगितलं, शिकवणीचं सांगितलं. ती "हो का, हो का" करत होती. मध्येच दोघींकडचं बोलणं संपे आणि बाहेरच्या भाजीवाल्याचा आवाज तेवढा ऐकू येई. मी निघाले तर म्हणाली, "थांब, येते." चपला घालून, कुलूप न लावताच, कोपऱ्यापर्यंत चालत आली. ऑटो मिळेना. मी तिला दोनदा म्हटलं, जा ताई, मी जाईन. ती गेली नाही. ऑटो आला, मी बसले, त्यानं वळण घेतलं तेव्हा ती तिथंच उभी होती, हात कपाळाशी धरून, उन्हाकडं डोळे बारीक करून.